खरवडलेला कडा

माझ्या नणंदेला संस्थेत सगळे काटेबाई म्हणायचे. नव्या माणसाला ते आडनाव वाटायचं. महिना-दीड महिना गेला की कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं की बाईंचं आडनाव निराळंच आहे, हे नाव कामावरून पडलंय. समुद्रातल्या स्पंजांच्या अंगात काचेचे बारीक काटे असतात, नुसत्या डोळ्याला न दिसणारे. कुणाचे टाचणीसारखे, कुणाचे नांगराच्या आकाराचे, कुणाचे चांदणीसारखे. ते मायक्रोस्कोपखाली बघून स्पंज कुठल्या जातीचा ते ठरवणं हे तिचं आयुष्यभराचं काम. अर्थात नुसत्या कामावरून असं नाव पडत नाही. स्वभावाचाही हातभार लागलेला होताच.

माझा नवरा तिचा धाकटा भाऊ. तोही त्याच संशोधन संस्थेत, वरच्या मजल्यावर, रसायनाच्या प्रयोगशाळेत. लहानपणी इतका हडकुळा होता की आईने त्याला काड्या म्हणायला सुरुवात केली. आता पोट सुटलंय, तरी घरात तो काड्याच. आई कॅन्सरने गेली तेव्हा तो शाळेत होता. ताईने त्याला वाढवला, शिकवला, ओरडून ओरडून अभ्यासाला बसवला. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणायची, एक पोर आयतं पदरात पडलं, तेवढं पुरे झालं.

मी नर्स आहे, कॅन्सरच्या वॉर्डात. पुढे जे घडलं त्यात याचा संबंध येतो म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

लग्नाआधी मला स्पंज म्हणजे भांडी घासायचा, एवढंच माहीत होतं. ताईसमोर हे एकदा बोलून बसले आणि जेवण थंड होईपर्यंत ऐकून घेतलं. तो वनस्पती नाही, प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत, हृदय नाही. एका जागी चिकटून बसतो आणि दिवसभर पाणी गाळतो. अंगभर बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी आत घेतो, खाण्यासारखं असेल ते ठेवून घेतो आणि वरच्या मोठ्या भोकातून बाकीचं सोडून देतो. काही जण शेकडो वर्षं हेच करत बसलेले असतात. काड्या म्हणाला, आमचे संचालकही असेच बसलेले असतात, फक्त ते काही गाळत नाहीत. त्यावर ती हसली होती. तेव्हा त्या दोघांचं असं हसणं-बोलणं चालायचं.

बंदराच्या पलीकडे किनारा वळतो तिथे पाण्याखाली एक कडा होता. म्हणजे कडा अजून आहे. वरून बघितलं तर नुसतं हिरवट पाणी, पण खाली कातळ सरळ उतरत जातो आणि मधेच आत वळून छत तयार होतं. ताई तरुणपणापासून तिथे बुडी मारायची. मला पोहता येत नाही, म्हणून मी तो कधीच पाहिला नाही. पण तिने इतक्यांदा सांगितला की डोळे मिटले तर दिसायचा. पिवळे स्पंज, निळे, काळे कुळकुळीत, सुरईसारखे उभे, सालीसारखे पसरलेले, माणूस आत बसेल एवढे मोठे रांजण. त्यांच्या पोकळ्यांत खेकडे, कोळंबी, लांब हातांचे तारामासे. एकेका स्पंजात चाळीच्या चाळी भरलेल्या, असं ती म्हणायची.

आणि त्यात एक विटकरी रंगाचा. दिसायला अगदीच गचाळ, पिचलेल्या टोमॅटोसारखा. पण त्याच्या कडेने बोटभर कातळ कायम मोकळा असायचा. शेजारचं कुणी त्याच्या अंगावर चढत नव्हतं, मासे त्याला तोंड लावत नव्हते. फक्त एक बिनशंखाची लाल गोगलगाय त्याला खायची आणि त्याचंच विष स्वतःच्या अंगात साठवून बिनधास्त फिरायची. बाकी सगळे त्याला वचकून असायचे. ज्याला पळता येत नाही, चावता येत नाही, त्याने विष बाळगलं तर नवल काय, असं ताई म्हणायची. हे विष काय आहे ते बघ जरा, म्हणून तिने काड्याला अंगठ्याएवढा तुकडा आणून दिला.

त्याने त्यातून अर्क काढला, वेगवेगळा केला, बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर घातला. पेशी मेल्या. शेजारच्या बशीतल्या साध्या पेशी बऱ्यापैकी शाबूत राहिल्या. त्या दिवशी तो घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला आणि मला उचलायला लागला. मी त्याला सांगितलं की बशीत मरणाऱ्या पेशी मी पुष्कळ ऐकल्यात, माणसापर्यंत येता येता बहुतेकांचं पाणी होतं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिरताना मीही एकेका खाटेकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होते.

अडचण अशी होती की बादलीभर स्पंजातून ते औषध निघायचं चिमटीतही न येण्याइतकं. पुढच्या चाचण्यांना त्याच्या कित्येक पट हवं होतं. संचालकांनी बैठक बोलावली. ताई तिथे जे बोलली ते काड्यानेच घरी येऊन मला सांगितलं, तेव्हा कौतुकानेच सांगितलं. ती म्हणाली, घाई करू नका. एक तर याचे तुकडे करून दोरीला बांधले तर ते वाढतात, दोन-तीन वर्षांत आपल्यापुरता माल आपणच पिकवू. दुसरं म्हणजे हे विष स्पंजाचं स्वतःचं आहे हे तरी कुठे ठरलंय? त्याच्या अंगात वजनाने निम्मे जिवाणू असतात. घर त्याचं, पण राहणारे भाडेकरू. स्वयंपाक कोण करतंय ते आधी बघा, मग घर पाडायचं का ते ठरवा.

संचालकांनी मान डोलावली. फार मोलाचा मुद्दा आहे, यावर अभ्यास करू, असं म्हणाले. ताईला वाटलं विषय मिटला.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या सुट्टीच्या दिवशी मी ताईबरोबर बंदरावर गेले होते. तिला बुडी मारायचे सिलिंडर भरून आणायचे होते आणि माझ्याकडे गाडी होती. धक्क्याच्या अलीकडेच वास आला. मी आयुष्यभर हॉस्पिटलात काढलंय, मला वासांचं कौतुक नाही. पण या वासाने मी गाडीची काच वर केली. ताई मात्र सीटवर ताठ बसली. तिने तो ओळखला होता. मी गाडी लावेपर्यंत ती धक्क्यावर पोचलीसुद्धा होती.

पोत्यांचा ढीग लागलेला होता. ट्रकभर सहज होईल एवढा. कडक ऊन, आणि पोत्यांखालून काळपट पाणी ओघळून समुद्रात परत चाललेलं. संस्थेने नेमलेल्या ठेकेदाराची माणसं सावलीत बसून होती. चौकशी केली तर कळलं की संस्थेची थंड गाडी यायची होती, ती काल यायची होती, आजही आलेली नाही. बर्फ सांगितला का? ते आमचं काम नाही, म्हणाले.

ताईने एका पोत्याची दोरी तोडली आणि दोन्ही हात आत घातले. आधी विटकरी लगदा निघाला. मग पिवळा. मग निळा. मग सुरईचा मोडलेला काठ, आत मेलेल्या खेकड्यांसकट. ती एकेक काढून धक्क्यावर मांडत गेली. दुसरं पोतं, तिसरं पोतं. सगळ्यांत सगळं.

तिने ठेकेदाराला विचारलं की हे बाकीचं कशाला आणलं. तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "आम्हाला लाल आणायला सांगितलं होतं, बाई. पण खाली तर लाल दिसतच नाही. सगळं काळंच दिसतं. म्हटलं, एकदाच सगळं खरवडून घेऊ, वर आल्यावर ते निवडतील."

खोल पाण्यात लाल रंग पोचत नाही, हे बुडी मारणाऱ्या कुणालाही माहीत असतं. दिवा घेऊन गेलं तर दिसतो. एवढं सांगायला कुणीतरी ताईला विचारायला हवं होतं, आणि तिला विचारायचं नाही हे तर आधीच ठरलेलं होतं.

मग तिने जागा कुणी दाखवली ते विचारलं. ठेकेदाराने बोटवाल्याकडे बघितलं. ताईला वर्षानुवर्षं कड्यावर नेणारा हाच. तो पुढे आला आणि म्हणाला, "तुमच्या भावाचा फोन होता. ताईच्या नेहमीच्या जागी घेऊन जा, म्हणाला. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

ती ओरडेल म्हणून मी अंग चोरून उभी होते. ती ओरडली नाही. तिने माझ्याकडे गाडीची किल्ली मागितली, मासळीवाल्यांकडून टोपल्या आणि टब मागून आणले, आणि ज्यांचा आकार अजून शिल्लक होता असे स्पंज वेचायला लागली. मी हातमोजे आणते म्हटलं तर ऐकायला तयार नाही. एका पोत्याच्या तळाशी, ओलाव्यात दबलेला विटकरी स्पंजाचा एक तुकडा तिला जिवंत वाटला. तो तिने स्वतःच्या पाण्याच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून त्यात ठेवला आणि ती बाटली घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसली. माझ्या गाडीचा वास त्यानंतर पावसाळाभर गेला नाही.

घरी आलो तोवर तिचे हात मनगटापर्यंत सुजून लाल झाले होते. काचेचे काटे कातडीत रुतलेले आणि वर ते विष. मी चिकटपट्टीने जमतील तेवढे काटे ओढून काढले, मलम लावलं, दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. एवढ्या वेळात ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, तो येईपर्यंत मी इथेच बसते.

काड्या संध्याकाळी आला. टेबलाशी बहीण बसलेली, हातांना पट्ट्या. त्याला सगळं कळलं असणार, कारण त्याने काय झालं असं विचारलंच नाही.

"तू सांगितलंस?" ताईने विचारलं.

"संचालकांनी विचारलं. नाही कसं म्हणणार होतो?"

"तोंडाने. नाही हा शब्द तोंडाने म्हणतात."

तो खुर्ची ओढून बसला. समजावणीच्या सुरात बोलायला लागला. तीन वर्षं थांबायचं म्हणजे काय, ताई, तीन वर्षांत किती माणसं जातील. हिला विचार, ही रोज बघते. आणि आपली आई...

"आईचं नाव घेऊ नकोस," ताई म्हणाली.

मी मधे पडायचं नाही असं ठरवलं होतं. भाऊ-बहिणीचं भांडण, आपण कशाला. पण माझ्या पायापासून डोक्यापर्यंत काहीतरी पेटत गेलं.

"माझ्या पेशंटांचंही घेऊ नकोस," मी म्हटलं. "तुमच्या पोत्यांतलं अर्धं आज धक्क्यावर सडलंय, कारण गाडी सांगायला कुणाला आठवण राहिली नाही. एवढीच माणसांची काळजी होती तर बर्फ तरी आणायचा होता. माझ्या वॉर्डातल्या माणसांना वापरून तुम्ही लोकांनी घाई केलीत. ती घाई त्यांची नव्हती."

ताई उठली. दाराशी जाऊन थांबली आणि पाठमोरीच म्हणाली की यापुढे ताई म्हणून हाक मारू नकोस. मग गेली.

हात बरे झाल्यावर ती कड्यावर गेली. मला म्हणाली, बोटीत कुणीतरी हवं, तू चल. बोटवाला वेगळा घेतला होता. ती खाली गेली आणि मी पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत बसले. वर आली, बोटीच्या काठाला हात धरून लटकत राहिली, आत चढायचंही भान नव्हतं. मास्क काढल्यावर मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. दात आवळलेले होते.

खाली काही नाही, म्हणाली. नुसता पांढरा कातळ, फावड्याचे ओरखडे आणि वर गाळ बसायला लागलेला. आणि ती लाल गोगलगाय होती. एकटी त्या उघड्या दगडावर फिरत होती. फिरतेय, डोकं उचलतेय, पुन्हा फिरतेय. तिला खायला तोच एक स्पंज चालतो, अंडीही ती त्याच्यावरच घालते. "मी तिला उचलून नेऊ तरी कुठे?" असं तिने मला विचारलं, जणू मला माहीत असणार होतं.

मग ती तिच्या खोलीत शिरली. संस्थेच्या तळमजल्यावर तिचा संग्रह होता, बाटल्यांनी भरलेली कपाटं आणि मधे लांब टेबल. धक्क्यावरून आणलेलं बहुतेक सगळं तिने अल्कोहोलात घालून ठेवलं होतं. त्यातला एकेक चिमूटभर तुकडा ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळतं, काटे तळाशी राहतात. ते काचेवर घ्यायचे आणि बघत बसायचं. वासामुळे त्या मजल्यावर कुणी फिरकेना. मी ड्यूटी संपवून डबा द्यायला जायचे. एक दिवस तिने मला बोलावलं आणि मायक्रोस्कोपपाशी बसवलं. मला काचेचे इवलेसे गळ दिसले, दोन्ही टोकांना वाकडे, आणि त्यांच्यामधे काटेरी गोळे. सुंदर आहेत, म्हटलं.

"हा मी कधीच पाहिलेला नाही," ती म्हणाली. "कुणीच पाहिलेला नाही. एवढी वर्षं मी तिथे जातेय, आणि हा मागे कुठल्या तरी फटीत बसलेला होता. माझी त्याची भेट झाली ती पोत्यात."

तसे आणखीही निघाले. प्रत्येक नवा निघाला की तिचा चेहरा अधिकच दगडी व्हायचा. इतर लोकांना नवी जात सापडली तर ते पेढे वाटतात.

याच सुमारास संचालकांनी समारंभ ठरवला. सभागृह, फुलं, पाहुणे, वर्तमानपत्रवाले. समुद्रातून येणार कॅन्सरवर औषध, असा फलक. काड्याचा सत्कार होता, त्यामुळे मी पुढच्या रांगेत. संचालक छान बोलतात. निसर्गाच्या औदार्याबद्दल बोलत होते, तेवढ्यात बाजूच्या दारातून ताई आली. हातात झाकण लावलेला टब. सुरक्षारक्षक तिला ओळखत होता, त्याने उलट दारच धरलं. ती व्यासपीठावर चढली, फुलदाणी सरकवली, टब टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. हे तिने अल्कोहोलात घातलेलं नव्हतं. पहिल्या तीन रांगांनी एकदम नाकाला हात लावले.

"हे तुमचं औषध," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे सगळे ऐकत राहिले. "हे आणायला जो कडा खरवडला, त्यावर एवढे प्राणी होते की त्यांतल्या कित्येकांना अजून नाव नाही. मी त्यांना ओळखत नव्हते. आता ते या टबात आहेत. ज्यांना लाल रंग पाण्याखाली दिसत नाही हे माहीत नाही, त्यांनी हे काम ठरवलं. ज्यांना बर्फ लागतो हे माहीत नाही, त्यांनी ते केलं. टाळ्या वाजवायच्या असतील तर वास घेऊन वाजवा."

संचालक हसत म्हणाले की बाईंची प्रकृती अलीकडे बरी नसते. कुणीतरी माइक बंद केला. काड्या व्यासपीठावर बसलेला होता, गळ्यात हार, नजर बुटांवर. मी त्याच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता उठेल. तो उठला नाही. मग मीच उठले, वर गेले, टबाचा एक कान मी धरला, एक तिने, आणि आम्ही दोघी मधल्या वाटेने बाहेर पडलो. लोक पाय आखडून वाट देत होते.

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून दूर ठेवल्याचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत संस्थेत पाऊल टाकायचं नाही. घरी आम्ही नवरा-बायको एका टेबलाशी जेवत होतो, एवढंच.

त्या पोत्यांतून शेवटी जे औषध निघालं ते फारच थोडं होतं. सडलेल्या मालात ते टिकलं नव्हतं. पहिल्या एक-दोन चाचण्यांतच संपलं. संचालक आता दुसरा कडा कुठे आहे ते विचारायला लागले. काड्याने मात्र वेगळंच काम केलं. उरलेल्या चांगल्या तुकड्यांमधून त्याने स्पंजाच्या पेशी आणि जिवाणू यंत्रात गरगर फिरवून वेगळे केले, आणि दोन्हींत विष शोधलं. स्पंजाच्या पेशींत नव्हतं. सगळं जिवाणूंत होतं. ताईने त्या बैठकीत म्हटलं होतं तेच. त्याने ते जिवाणू वाढवायचा प्रयत्न केला. सगळ्या प्रकारचं खाद्य घालून बघितलं, ते वाढेनात. मेलेल्या मालातले होते, वाढणार कसे. जिवंत असा एकच तुकडा उरला होता, आणि तो त्याच्या बहिणीच्या बैठकीच्या खोलीत, समुद्राच्या पाण्याच्या टाकीत होता.

तो मला म्हणाला, तू विचार ना. मी म्हटलं, तोंडाने विचारतात.

शेवटी तो गेला. मी बरोबर होते, पण मी खिडकीपाशी बसले आणि बोलले नाही. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझं बरोबर होतं, म्हणाला. मी म्हटलं नव्हतं का, असं ती म्हणाली नाही. उठली, चिमटा आणि पातं उकळत्या पाण्यातून काढलं, टाकीत हात घातला आणि नखाएवढी चकती कापून बाटलीत घातली. बाटली त्याच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली.

"तो स्पंज टाकीत मजेत आहे असं वाटेल तुला," ती म्हणाली. "रंग बघ त्याचा."

तो फिका पडला होता. विटकरी जाऊन गुलाबीसर झाला होता.

काड्या दोन दिवसांनी परत ताईकडे आला तेव्हा मी तिथेच होते. त्याचा चेहरा बघून मला कळलं. स्पंज जिवंत होता, पाणी गाळत होता, वाढतही होता, पण त्यात विषाचा मागमूस नव्हता. ते जिवाणू टाकीतल्या पाण्यात टिकले नव्हते. हळूहळू सगळे निघून गेले होते आणि घरमालक एकटा राहिला होता.

त्या दिवशी मात्र ती ओरडली. इतक्या महिन्यांचं एकदम बाहेर आलं. "म्हणजे ते त्या कड्यावरच होतं! त्या जागी, त्या पाण्यात, त्या शेजाऱ्यांत. तुला हवं होतं ते तिथे फुकट तयार होत होतं, रोज, आणि तू फावडी पाठवलीस. मी तुला चमच्याने भरवलंय रे. तुला एवढं विचारता आलं नाही मला?"

काड्या उभाच होता. त्याने मान खाली घातली नाही, हे मी बघितलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "चौकशीत मी बोलणार आहे."

आणि बोलला. समितीपुढे त्याने सांगितलं की जागा मी दिली, बाईंचा विरोध सगळ्यांसमोर झालेला होता, तो मुद्दाम बाजूला ठेवला गेला आणि त्या खरवडण्यातून औषधाच्या दिशेने काहीही साधलं नाही. उलट ते औषध बनवणारेच गेले. संचालकांनी समितीला सांगितलं की भावनेच्या भरात बोलतोय, बहीण आहे शेवटी. समितीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि समित्या करतात तसंच केलं. ताईला समज देऊन कामावर परत घेतलं. काड्याला रसायनाच्या प्रयोगशाळेतून काढून पिण्याचं पाणी तपासायच्या विभागात टाकलं. संचालकांची बढती झाली. आणि कड्यावरून काहीही काढायला बंदी आली, तिथे काढण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा.

माझ्या वॉर्डात अजून तीच जुनी औषधं चालतात. काहींना लागू पडतात. त्या स्पंजातलं औषध कधीतरी झालं असतं का, मला माहीत नाही. झालं नसतंही. पण जेव्हा कुणी पेशंटचा मुलगा मला विचारतो की नवीन काही निघालंय का हो, तेव्हा मला ते पोत्यांखालून ओघळणारं पाणी आठवतं.

काड्या दर रविवारी बहिणीकडे जायला लागला. तिने बोलावलं नव्हतं आणि हाकललंही नाही. सुरुवातीला टाकीचं पाणी बदलायचा आणि परत यायचा. मग चहा व्हायला लागला. एकदा त्याने तिला विचारलं की अजून राग आहे का. ती म्हणाली, "आहे. तू चांगलं केलंस समितीत. त्याने राग जात नसतो, काड्या." तिने काड्या म्हणून हाक मारली, हेच त्याने घरी येऊन मला सगळ्यात आधी सांगितलं.

गेल्या वर्षी तिचा लेख छापून आला. पोत्यांत सापडलेल्या नव्या जाती, त्यांच्या काट्यांची चित्रं, वर्णनं. अशा लेखात प्रत्येक नमुन्यामागे तो कुठे सापडला आणि कुणी गोळा केला ते लिहावं लागतं. संस्थेतून तिला सुचवलं होतं की ठिकाण म्हणून कडा लिहा, गोळा करणारी म्हणून स्वतःचं नाव लिहा. तिने ऐकलं नाही. तिने लिहिलं होतं: सापडल्याचं ठिकाण, बंदराचा धक्का, पोत्यात. गोळा करणारा, आणि पुढे माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव. प्रत्येक जातीखाली. पुढे शंभर वर्षांनी जो कुणी स्पंजाचा अभ्यास करेल त्याला ते वाचावं लागेल.

काड्याने लेख आणून माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने ती ओळ दाखवली. मी चिडले. म्हटलं, हे फार झालं, मी बोलते ताईशी, काढायला लावते.

"नको," तो म्हणाला. "खरंच आहे ते."

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा तिच्याकडे गेला. मीही गेले. लेखाबद्दल दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. ती त्याच्यावर चिडली, कारण येताना दूध आणायला सांगितलं होतं आणि तो विसरला होता. तो पुन्हा बूट घालून दुकानात गेला.